क्रिस्टल रिव्हरला मॅनेटी बघायचेत : पाण्यात उतरावं की काठावरूनच नमस्कार?

ओसरी
मंडळी, सल्ला हवाय. आईबाबा साताऱ्याहून आलेत, मार्चपर्यंत आमच्याकडे अटलांटाला आहेत. डिस्ने बाबांनी ऐकताक्षणी उडवून लावलं ("एवढं विमानात बसून उंदीर बघायला आलो होय?"). मग लेकीने शाळेतून मॅनेटीचं (पाण्यात राहणारा, गवत खाणारा मोठा प्राणी) पुस्तक आणलं आणि घरात दुसरा विषयच उरला नाही. जानेवारीतल्या मार्टिन ल्यूथर किंग वीकेंडला फ्लोरिडात क्रिस्टल रिव्हरला जायचं ठरतंय. गाडीने सात तास.

तिथे मॅनेटींबरोबर पाण्यात उतरता येतं म्हणे. शेजारीण जाऊन आली, तिने "आयुष्यात एकदा तरी करच" असं बजावलंय. पण मला काही पटत नाहीये. ती जनावरं थंडीपासून वाचायला त्या उबदार झऱ्यात येतात आणि आम्ही काळे रबरी कपडे चढवून त्यांच्या घरात घुसायचं? उद्या डोंबाऱ्याच्या खेळाला टाळ्या वाजवल्यासारखं वाटायला नको.

दुसरं म्हणजे आईचे गुडघे. ती पाण्यात उतरणार नाही. बाबा (७२) कृष्णेत पोहून मोठे झालेत, ते सगळ्यांच्या आधी उडी मारतील. काठावरून नीट दिसतात का?

टॅम्पाकर
दिसतात आणि झकास दिसतात. अट एकच, थंडी हवी.

गणित सोपं आहे. क्रिस्टल रिव्हरच्या किंग्ज बे मध्ये जमिनीखालून जे पाणी येतं ते बारा महिने साधारण २२ अंश सेल्सियस. बाहेर मेक्सिकोच्या आखातातलं पाणी हिवाळ्यात त्याच्या बरंच खाली जातं. आखात जेवढं गार, तेवढी झऱ्यात गर्दी. जानेवारीत चार दिवस ऊन पडलं तर हीच मंडळी गवत खायला बाहेर निघून जातात आणि तुम्ही निळ्या पाण्याचे फोटो काढून परत येता. तेव्हा हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या आणि हवामान बघून निघा.

थ्री सिस्टर्स स्प्रिंग्जला काठाने लाकडी बोर्डवॉक आहे, सपाट. आईंना अवघड जाणार नाही. पाणी एवढं स्वच्छ की वरून तळाची वाळू दिसते. सकाळी लवकर जा.

सटरफटर
बारा महिने २२ अंश? आमच्या पुण्याच्या सोसायटीत गिझर लावूनही येत नाही. मॅनेटी व्हायला अर्ज कुठे करायचा?

प्राणीवेडी
ओसरी, तुमची शंका अगदी रास्त आहे, म्हणून जरा लांबण लावते.

मॅनेटी दिसतो गुबगुबीत. तीन मीटर लांब, चारपाचशे किलो सहज, काही त्याहून कितीतरी जड. बघणाऱ्याला वाटतं, एवढी चरबी आहे, याला कसली थंडी? तर तसं नाही. देवमाशाला असतो तसा चरबीचा जाड थर त्याला नसतो. आत आहे ते आतड्यांचं भलंमोठं गाठोडं, कारण दिवसभर गवत खाणारा प्राणी. शरीरातली भट्टीही मंद चालते. पाणी २० अंशांच्या खाली गेलं आणि बरेच दिवस तसंच राहिलं तर तो खाणं सोडतो, पचन बंद पडतं, कातडीवर पांढरट चट्टे येतात, मग जंतुसंसर्ग. २०१०च्या कडाक्याच्या हिवाळ्यात असे शेकडो गेले.

म्हणजे झरा ही त्याची शेकोटी. शेकोटीजवळ बसलेल्या म्हाताऱ्याला उठवलं तर काय होतं? तो अंधारात, गारठ्यात जातो. मॅनेटीला तुम्ही हात लावलात की त्याला इजा होत नाही, पण तो वैतागून उबेतून बाहेर पडतो. एकदा पडला तर एक वेळ ठीक. दिवसात चाळीस वेळा झालं तर त्याच्या अंगातली शिल्लक संपते.

आणि हो, त्याच्या अंगभर विरळ राठ केस असतात, मांजराच्या मिशांसारखे संवेदनशील. तुम्ही हात लावायच्या आधीच पाण्याच्या हालचालीतून तुम्ही कुठे आहात ते त्याला कळलेलं असतं.

चिकूवडी
चार वर्षांपूर्वी आम्ही गेलो होतो, टूरवाल्याचं नाव लिहीत नाही. निघण्यापूर्वी व्हिडिओ दाखवला, त्यात सगळे नियम होते : पाठलाग नको, घेरायचं नाही, आई आणि पिल्लाच्या मधे जायचं नाही, पाय आपटायचे नाहीत. पाण्यात गेल्यावर आमच्याच होडीतली माणसं "देअर, देअर!" करत एका पिल्लामागे निघाली. गाईड वरून फोटो काढण्यात मग्न. पिल्लाची आई माणसांना बंदी असलेल्या भागाच्या दोरीच्या पलीकडे आणि पिल्लू अलीकडे. मी नवऱ्याला म्हटलं, चल वर. बाकीचे वर आल्यावर हॉट चॉकलेट पीत होते, मला घोट उतरेना.

ओसरी, पाण्यात उतरू नका.

टॅम्पाकर
चिकूवडी, तक्रार करायची होती. २०१२ पासून किंग्ज बे हे अख्खं संरक्षित क्षेत्र आहे आणि तुम्ही लिहिलेलं सगळं तिथे नावानिशी निषिद्ध आहे. संघराज्याच्या कायद्यात दंड ५०,००० डॉलरपर्यंत आणि एक वर्षापर्यंत कैद.

चिकूवडी
पाण्यात स्नॉर्कल तोंडात धरून तक्रार कशी करतात हो?

बंडोपंत_ओहायो
मी विरुद्ध बाजूने बोलतो, चपला तयार ठेवा.

सगळे "लांबून बघा" म्हणताय. ठीक. पण त्या गावाची रोजीरोटी काय आहे? हिवाळ्यातले मॅनेटी बघणारे. माणूस ज्याच्या जिवावर खातो त्याला जपतो. २०१० मध्ये थ्री सिस्टर्सच्या भोवतालची जागा सार्वजनिक पैशातून आणि देणग्यांतून विकत घेतली, नाहीतर आज तिथे बंगले असते. देणग्या कोणी दिल्या? ज्यांनी मॅनेटी डोळ्यांनी पाहिला होता त्यांनी. माझा मुलगा आठव्या वर्षी तिथे पाण्यात होता, आता बावीसचा आहे आणि नद्यांच्या पाण्यावर शिक्षण घेतोय. काठावरून बघून ते झालं असतं का, मला शंका आहे.

नियम पाळून, निपचित तरंगत बघायला काय हरकत आहे?

प्राणीवेडी
बंडोपंत, चपला नाहीत, पण एक प्रश्न. तुमचा मुलगा एकटाच होता का पाण्यात?

बंडोपंत_ओहायो
नव्हता. साधारण लालबागच्या राजाची रांग होती.

देवबागचो
हयसर मालवणाक काय चलता ता सांगतंय. (बाकीचं प्रमाण भाषेत लिहितो, नाहीतर ॲडमिन ओरडतात.)

आमच्याकडे देवबाग-तारकर्लीला डॉल्फिन दाखवायच्या होड्या जातात. एका होडीला डॉल्फिन दिसला की दहा होड्या तिथेच वळतात, इंजिनं फुल्ल. डॉल्फिन बुडी मारून लांब निघून जातो, तो पोहणारा चपळ प्राणी. मॅनेटीचं ऐकून मला वाटलं, हा बिचारा पळणार कुठे? पळाला तर थंडीत मरणार. डॉल्फिनला समुद्र मोकळा आहे, याला एकच खोली. दोन्हीकडे होडीवाल्याचा दोष अर्धाच. गिऱ्हाईक म्हणतं, "दिसला नाही तर पैसे देणार नाही." माझा चुलत भाऊ होडी चालवतो. तो लांब इंजिन बंद करून थांबतो. वर्षभर गिऱ्हाईकांच्या शिव्या खाल्ल्या. आता काही लोक मुद्दाम त्यालाच फोन करतात, पण ते वर्ष त्याने कसं काढलं ते विचारू नका.

सटरफटर
देवबागचो +१. भावाला माझ्याकडून एक सोलकढी.

वाफेचं_इंजिन
झऱ्यांवर सगळे बोलले, विजेवर कोणी नाही. मी वीज क्षेत्रातला, त्यामुळे माझी पाळी.

टॅम्पाजवळ अपोलो बीचला बिग बेंड नावाचं वीज केंद्र आहे. यंत्रं थंड करायला खाडीचं पाणी आत घेतात, ते कोमट होऊन कालव्यातून बाहेर पडतं. मॅनेटींना त्या कालव्याचा शोध लागला आणि थंडीत ते तिथे गोळा व्हायला लागले. कंपनीने १९८६ मध्ये तिथे बघायची सोय केली, फुकट आहे, १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल. उंच लाकडी पूल, बसायला बाकं. मागे धुराडी, पुढे शेदोनशे राखाडी पाठी. आईंच्या गुडघ्यांना हे फार सोयीचं, आणि पाण्यात उतरायचा प्रश्नच नाही, त्यामुळे मनाची टोचणीही नाही.

पण यातली गोम ऐका. फ्लोरिडातले निम्म्याहून जास्त मॅनेटी आता हिवाळ्यात अशा वीज केंद्रांच्या गरम पाण्यावर टिकलेत. आणि ही केंद्रं कायमची नाहीत. जुनी होतात, बंद होतात, नव्या पद्धतीत गरम पाणी सोडावं लागत नाही. ज्या दिवशी कोणी खटका बंद करेल त्या हिवाळ्यात काय? पिल्लू आईबरोबर दोनेक वर्षं फिरतं आणि उबेची जागा तिच्याकडून शिकतं. त्याला शिकवलेला पत्ता म्हणजे ते धुराडं. तो तिथेच येणार आणि गार पाण्यात थांबून राहणार. केप कॅनाव्हरलचं जुनं केंद्र पाडून नवं बांधलं तेव्हा मधल्या काळात केवळ मॅनेटींसाठी पाणी तापवायची यंत्रणा बसवावी लागली होती.

आमच्या धंद्यात "अवलंबून ग्राहक" म्हणतात ते हेच.

शेंगदाणा_लाडू
बाप रे, हे माहीतच नव्हतं. मग उपाय काय?

वाफेचं_इंजिन
नैसर्गिक झरे त्यांना परत मोकळे करून देणं. बंधारे, गाळ, उथळ झालेली तोंडं यांमुळे कित्येक झऱ्यांपर्यंत त्यांना पोचताच येत नाही. शिवाय जमिनीतून पाणी उपसतात तसा झऱ्यांचा जोर कमी होतो. पाण्याचा दाब कमी म्हणजे उबेचा कोपरा लहान. महाराष्ट्रातल्या बोअरवेलवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

लेकसाइड_वहिनी
आमचं घर फ्लोरिडात कालव्याकाठी आहे, तेव्हा एक कबुलीजबाब.

पहिल्या वर्षी धक्क्यावर गाडी धूत होते, नळी पाण्यात लोंबत राहिली. दहा मिनिटांनी खालून "फुर्र" असा आवाज. बघते तर एक भलामोठा मॅनेटी उताणा होऊन नळीचं गोडं पाणी तोंडात घेतोय. दोन्ही हातांनी (वल्हीच ती, पण टोकाला नखं आहेत हो, हत्तीच्या पायाला असतात तशी!) नळी धरल्यासारखी. मी विरघळले. मुलं घरातून कोबी घेऊन आली. आठवडाभर रोज हा सोहळा. शेजारच्या आजोबांनी येऊन हळूच सांगितलं, हे बेकायदा आहे.

मला राग आला. पाणी पाजणं बेकायदा? आपल्याकडे तर पाणपोई घालणं पुण्याचं काम. मग त्यांनी त्याच्या पाठीकडे बोट दाखवलं. पाच आडव्या पांढऱ्या रेघा, एकसारख्या अंतरावर, कंगवा ओढल्यासारख्या. बोटीचा पंखा. ते म्हणाले, तुझ्या धक्क्याला पाणी मिळतं हे त्याला कळलं की तो प्रत्येक धक्क्याला जाणार, आणि धक्का म्हणजे बोटी.

नळी त्याच दिवशी गुंडाळली. तो तीन दिवस येऊन धक्क्याखाली थांबायचा. ते तीन दिवस मी मागचं दार उघडलं नाही.

प्राणीवेडी
वहिनी, काय लिहिलंत. नखांचं अगदी बरोबर, हत्ती हा त्याचा जवळचा नातेवाईक. दातही तसेच, मागून नवे येतात आणि पुढचे झिजून पडतात.

त्या व्रणांवरूनच संशोधक एकेकाला ओळखतात. ऑर्लँडोच्या उत्तरेला ब्लू स्प्रिंग स्टेट पार्क आहे, तिथे वेन हार्टली या जुन्या रेंजरांनी वर्षानुवर्षं हिवाळ्यात सकाळी छोट्या होडीतून हजेरी घेतली. १९७०च्या दशकात तिथे तीसचाळीस मॅनेटी यायचे. जानेवारी २०२४ मध्ये एका दिवसात ९३२ मोजले! आणि तिथे हिवाळ्यात पोहणं, कयाक सगळं बंद असतं. ओसरी, माझं मत ब्लू स्प्रिंगला. गाड्यांची जागा भरली की फाटक बंद करतात, उजाडताच पोचा.

बंडोपंत_ओहायो
३० वरून ९३२? मग एवढं रडगाणं कशाला? २०१७ मध्ये सरकारी यादीत त्यांना "धोक्यात" वरून एक पायरी खाली आणलंय, हेही सांगा की.

टॅम्पाकर
आणि २०२१ मध्ये काय झालं तेही सांगा. एका वर्षात ११०० मॅनेटी मेले. बोटींनी नव्हे, थंडीनेही नव्हे, बहुतेक उपासमारीने. अटलांटिकच्या बाजूला इंडियन रिव्हर लगून (उथळ खाडी) आहे. सेप्टिक टाक्या, हिरवळींवरचं खत, सगळं पावसाने त्यात वाहून गेलं, शेवाळ माजलं, पाणी गढूळ झालं, ऊन तळाशी पोचेना आणि सागरी गवत मेलं. हिवाळ्यात उबेची जागा सोडता येत नाही आणि उबेजवळ खायला काडी नाही. शेवटी सरकारने वीज केंद्राजवळ लेट्यूस टाकलं. पहिल्याच हिवाळ्यात नव्वद टनांच्या वर. जंगली प्राण्याला छावणीत चारा घालायची वेळ आली.

२०२१-२२ चा राज्याचा अंदाज ८,३५० ते ११,७३० मॅनेटी असा आहे. त्यातले ११०० गेले म्हणजे किती, हिशेब करा.

देवबागचो
चारा छावणी! दुष्काळात माण-खटावला बघितली होती. मॅनेटींचीही असेल असं वाटलं नव्हतं.

शेंगदाणा_लाडू
हिरवळीवरचं खत म्हणजे आपलंच की. आमच्या कॉलनीची कमिटी गवत पिवळं दिसलं की नोटीस पाठवते. आमच्या काउंटीत पावसाळ्यात खताला बंदी आहे तरी लोक रात्री टाकतात. (आमचे हे त्यातलेच. आता हा धागा वाचायला देते.)

टॅम्पाकर
चांगली बातमी क्रिस्टल रिव्हरचीच. किंग्ज बे मध्ये तळाला काळंकुट्ट शेवाळ बसलं होतं. गावातल्याच लोकांच्या संस्थेने २०१५ पासून ते पंपाने शोषून काढून त्या जागी ईलग्रास हे पाणगवत लावलं, कोवळं गवत खाऊन टाकू नये म्हणून वर जाळीचे पिंजरे ठेवून. मुळं धरली की पिंजरा काढायचा. आज तिथे पुन्हा हिरवं कुरण आहे. बंडोपंतांचा मुद्दा इथे थोडा खरा ठरतो, गावाला गरज होती म्हणून झालं.

बंडोपंत_ओहायो
थोडा. बरं, थोडाही चालेल.

रामनाड_एक्सप्रेस
अवांतर : आपल्या देशातही याचा चुलतभाऊ आहे, डुगाँग. मी नोकरीनिमित्त सहा वर्षं तमिळनाडूच्या किनाऱ्यावर होतो. तिकडे "कडल पसु" म्हणतात, समुद्रातली गाय. शेपूट वेगळी : मॅनेटीची गोल, भाकरी थापायच्या काठवटीसारखी, डुगाँगची डॉल्फिनसारखी दुभंगलेली. आणि डुगाँग नदीत येत नाही, आयुष्यभर समुद्रात. पाल्कची सामुद्रधुनी, मन्नारचं आखात, कच्छचं आखात आणि अंदमान. अंदमानचा तर तो राज्यप्राणी. २०२२ मध्ये पाल्कच्या किनाऱ्यालगत ४४८ चौरस किलोमीटरचं डुगाँग राखीव क्षेत्र झालं. जाळ्यात सापडलेला डुगाँग सोडून देणाऱ्या कोळ्यांना वनखातं बक्षीस देतं. जाळं कापावं लागतं, ते फुकट नसतं.

सहा वर्षांत मला एकदाही दिसला नाही. कोळी म्हणायचे, शोधायला जातो त्याला दिसत नाही.

सटरफटर
कोलंबसाने १४९३ मध्ये मॅनेटींनाच जलपऱ्या समजून "चित्रात दाखवतात तेवढ्या सुंदर नाहीत" असं नोंदवलं होतं. स्थळ बघायला गेलेल्या मुलाकडच्यांचा सूर तेव्हापासूनचा आहे.

ओसरी
सगळ्यांचे आभार! चिकूवडी आणि वहिनी, तुमचं वाचून आई म्हणाली, "बघ, मी सांगत होते." (तिने काहीही सांगितलं नव्हतं.) बाबा मात्र वेटसूट घालणारच म्हणतायत. घरात दोन पक्ष पडलेत. आल्यावर लिहिते.

ओसरी
आलो! लांब लिहितेय, चहा घेऊन बसा.

शनिवारी पहाटे पारा ३ अंशांवर. आईला दोन स्वेटर, कानटोपी. सकाळी थ्री सिस्टर्सच्या बोर्डवॉकवर पोचलो तर पाण्यावर वाफ, धुक्यासारखी. एवढी थंडी म्हणून पोहणाऱ्यांना आतला भाग बंदच केलेला. त्यामुळे निळ्या पाण्यात एकही माणूस नाही. पहिल्यांदा मला वाटलं तळाला मोठे दगड आहेत. मग एक दगड हळूच वर आला, दोन नाकपुड्या उघडल्या, "फुस्स", पुन्हा झाकण लावल्यासारख्या मिटल्या आणि दगड खाली. लेकीने मोजायचा प्रयत्न केला, साठनंतर सोडून दिलं.

आई कठड्याला टेकून एकाच जागी उभी राहिली, मग कुणीतरी बाकावर जागा दिली. तिच्या बरोबर खाली एक आई आणि पिल्लू. पिल्लू आईच्या वल्ह्यामागे, अगदी काखेत तोंड खुपसून दूध पीत होतं. मधेच श्वास घ्यायला वर, पुन्हा काखेत. आईच्या पाठीवर शेवाळ आणि ते टोचून खाणारे छोटे मासे. तिच्या शेपटीचा एक तुकडाच नव्हता, कुणी बिस्किटाचा घास घ्यावा तसा. माझी आई पाऊण तास तिथून हलली नाही. थर्मासमधला चहा गार झाला.

रविवारी बाबा. नवऱ्याबरोबर, छोट्या होडीतून, बंडोपंतांच्या पक्षातून. गाईड चांगली मिळाली, बडबड करणाऱ्या दोघांना तिने सरळ वर बोलावलं. वेटसूट चढवायला वीस मिनिटं आणि दोन माणसं लागली, त्याचा व्हिडिओ आहे पण बाबांनी शेअर करायला बंदी घातलीये. बाहेरच्या खाडीत पाणी हिरवट, हातभर पुढचं दिसेना. नूडल (तरंगायची फोमची लांब नळी) पोटाखाली धरून अर्धा तास निपचित तरंगले. एकदा समोर अचानक मिशाळ थोबाड आलं, बघितलं आणि गेलं. बस्स. ओठ निळे करून वर आले आणि म्हणाले, "कृष्णेत म्हैस शेजारी डुंबायची, ती एवढी भिडस्त नव्हती."

गाडीत परत येताना आई शेपटीच्या तुकड्याबद्दल विचारत होती, ती पुढच्या वर्षी येईल का.

प्राणीवेडी
शेपटीचा फोटो असेल तर तारखेसह तिथल्या संशोधकांना पाठवा. बहुतेक तिच्या नावाची फाईल असेल.

ओसरी
आहे फोटो. पाठवते आजच.

बंडोपंत_ओहायो
म्हणजे काठावरच्या आईंना जास्त दिसलं. पराभव मान्य. वेटसूटचा व्हिडिओ मात्र टाका.

सटरफटर
+१ व्हिडिओ.

लेकसाइड_वहिनी
बाबांना विचारून टाका हो. आणि आईंना सांगा, आमच्याकडे काल धक्क्याजवळ एक येऊन गेला. नळी गुंडाळलेलीच आहे.